फटीचा हिशेब

काचेच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा स्वतःसाठीच काच नेतं. टेबलावर टाकायची काच, न्हाणीघराचं दार, फुटलेल्या खिडकीचं तावदान. माप त्याचं, आवड त्याची, वापरणारही तोच. न्यू जर्सीत भाड्याच्या गाळ्यात काचकाम करताना मीही हेच धरून चाललो होतो. टॅरांटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्या मंडळींनी ते मोडीत काढलं. इथे पैसे देणारा एक असतो आणि राहणारा दुसरा. राहणाऱ्याला बोलता येत नाही. काम फसलं तर तो निसटतो, जखमी होतो किंवा शेजाऱ्याला खाऊन टाकतो, आणि तेव्हाच त्याची तक्रार कळते.

काम साधारण एकाच वाटेनं येतं. ज्या घरात कधीकाळी मुलांसाठी मासे आणले गेले, त्या घराच्या तळघरात १० गॅलनची एक रिकामी टाकी हमखास सापडते. सुमारे २० इंच लांब, १० इंच रुंद, १२ इंच उंच. मासे गेले, हौस फिटली, टाकी उरली. पुढे घरातल्या कोणाला तरी या केसाळ कोळ्यांचा नाद लागतो. एकाचे दोन होतात, दोनाचे सहा, आणि फळीवरची जागा संपते. मग टाकी गाडीत घालून माणूस येतो आणि म्हणतो, मधे एक पार्टिशन टाका, दोन खोल्या करा. ऐकायला हे अर्ध्या तासाचं काम वाटतं. काचेचा एक तुकडा कापायचा, दोन बाजूंना सिलिकॉन ओढायचं, झालं.

तसं ते नाही, कारण पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते आधी समजून घ्यावं लागतं. टॅरांटुलाच्या कुळात हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या एकलकोंड्या. येमेनच्या सोकोत्रा बेटावरची एखादी जात घोळक्यानं राहते, पण ती अपवाद म्हणूनच सांगितली जाते. बाकी ठिकाणी एका टॅरांटुलाला दुसरा भेटला की त्यातला एक बहुधा जेवण ठरतो. शिवाय माद्या दीर्घायुषी. मेक्सिकोतली ती प्रसिद्ध लाल गुडघ्यांची मादी वीस वर्षं सहज काढते. म्हणजे मी आज लावलेलं पार्टिशन, टाकी आणणाऱ्याचं मूल कॉलेजात जाईपर्यंत तसंच उभं राहायला हवं. न्हाणीघराच्या दाराकडूनही कोणी इतक्या वर्षांची हमी मागत नाही.

या कामात काच ही मुख्य गोष्ट नाही, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. काचेतून कोणी जात नाही. जायचं ते फटीतून. आणि फट किती मोठी चालेल, हे डोळ्यांना दिसणाऱ्या कोळ्यावरून ठरवता येत नाही. पाय पसरून तळहाताएवढा दिसणारा टॅरांटुला प्रत्यक्षात बराच लहान असतो. त्याचं पोट मऊ असतं, ते दबतं. पाय एकामागून एक बाहेर काढता येतात. दबत नाही तो फक्त पुढचा भाग, ज्यावर पाठीचं टणक कवच असतं. ते कवच जिथून जाईल तिथून अख्खा प्राणी जाईल. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला कोळ्याची लांबी विचारत नाही, कवचाची रुंदी विचारतो. बहुतेकांनी ती कधी मोजलेली नसते. टॅरांटुला कात टाकतो तेव्हा जुनं कवच मागे राहतं. ते घेऊन या, म्हणून सांगतो. त्यावर मोजपट्टी लावणं सोपं आणि कोणाला न डिवचता होणारं.

पण नुसता कोळी अडला म्हणजे भागत नाही. त्याला खायला जिवंत रातकिडे सोडतात. कोळी जाऊ शकणार नाही अशा फटीतून रातकिडा आरामात पलीकडे जातो. आता समजा, पलीकडची मादी कात टाकते आहे. त्या वेळी ती पाठीवर उताणी पडलेली असते, नवी त्वचा मऊ असते, सुळे कडक झालेले नसतात. अशा अवस्थेत भुकेला रातकिडा तिला कुरतडून जखमी करू शकतो. मालक म्हणतो, मी तर या बाजूला टाकला होता. म्हणून माझं माप कोळ्यावर न थांबता त्याच्या भक्ष्यापर्यंत जातं. पार्टिशनच्या कडेला फट मुळीच नको, हा नियम तिथून आला.

हा नियम पाळायचा तर टाकीवर आंधळा विश्वास टाकता येत नाही. कारखान्यात बनलेली टाकी काटकोनात असेलच असं नाही. आतली रुंदी मी वर, मधे आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजतो, आणि या तिन्ही मापांत फरक निघतो. सर्वांत लहान माप धरून त्यातून तीन मिलिमीटर वजा करायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर सिलिकॉनसाठी राहतात. काच घट्ट बसवण्याचा मोह होतो, पण काचेला काच टेकली की तिथे सिलिकॉन शिरत नाही आणि टाकी जरा दबली तरी कडेला टवका उडतो. टाकीच्या वरच्या प्लास्टिकच्या चौकटीला आत आलेला काठ असतो. त्यामुळे पूर्ण मापाची काच वरून सरळ आत जातच नाही. ती तिरकी करून घालायची आणि आत नेऊन फिरवायची. हे जमेल का, ते आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाहून घेतो.

खरी कसोटी खालच्या दोन कोपऱ्यांवर असते. टाकी बनवताना तळाच्या कडेनं आतून सिलिकॉनची गोलसर रेघ ओढलेली असते. पार्टिशनचा काटकोनी कोपरा त्या रेघेवर चढून बसतो आणि काच तळापासून वर उचलली जाते. म्हणून कोपरे थोडे तिरके छाटावे लागतात. त्यानं नेमकी तिथे एक तिकोनी पोकळी तयार होते. ती नीट भरली नाही तर पुढे मातीखाली झाकली जाते आणि वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी, की नवं सिलिकॉन जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही. म्हणून जिथे पार्टिशन येणार तिथली जुनी रेघ पात्यानं खरवडून काढायची, अल्कोहोलनं पुसायची, आणि नव्याला उघडी काच द्यायची. सिलिकॉनही साधंच हवं, बुरशीनाशक मिसळलेलं न्हाणीघराचं नको. साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सोडतं. तो वास पूर्ण जाईपर्यंत टाकी मी देत नाही. पृष्ठभाग तासाभरात कोरडा लागला तरी आत मुरायला दोन-तीन दिवस लागतात. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला मी टाकीत नाक घालायला लावतो.

पार्टिशन अ‍ॅक्रिलिकचं करा, हलकं आणि स्वस्त, असंही अनेक जण सुचवतात. भोकं पाडायलाही सोपं. माझा नकार असतो तो दोन कारणांनी. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला काचेइतकं पकडत नाही. आणि एका बाजूला दमट माती, दुसऱ्या बाजूला कोरडी अशी स्थिती असली की अ‍ॅक्रिलिकचा पत्रा ओलाव्याच्या फरकानं वाकतो. वाकला की मधे पोट येतं आणि वरच्या कडेशी फट उघडते. एका टाकीत टेक्ससच्या कोरड्या माळावरची जात आणि शेजारी दमट जंगलातली जात ठेवायची, हाच तर अनेकांचा बेत असतो. तिथे मी पाव इंच जाडीची काच वापरतो. ओल्या मातीचा भार एकाच बाजूनं आला तरी ती हलत नाही, आणि तळाशी सलग भरलेलं सिलिकॉन एका बाजूचं पाणी दुसरीकडे पाझरू देत नाही.

काच कापणं हा भाग मला येतच होता. कटरचं चाक एकदाच, एका दाबानं, एका दमात ओढायचं. त्याच रेघेवर पुन्हा फिरवलं तर काच वेडीवाकडी फुटते. नंतर कडा ओल्या पॉलिश-कागदानं घासून बोथट करायच्या. इथे त्या माझ्या बोटांसाठी कमी आणि कोळ्यासाठी जास्त घासतो. भोकं पाडायची असतील तर आधी काच टेम्पर्ड आहे का ते बघावं लागतं, कारण टेम्पर्ड काचेला भोक पाडायला गेलं की ती अख्खी भुगा होते. संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर काच धरायची आणि पोलराइज्ड गॉगल घालून पाहायचं. टेम्पर्ड असेल तर ठिपके किंवा पट्टे उमटतात. साधी काच असेल तर हिऱ्याची पोकळ बिट, सतत पाण्याची धार, आणि अर्धं भोक एका बाजूनं, अर्धं दुसऱ्या.

हवेचा प्रश्न पार्टिशननंच अवघड केलेला असतो. टॅरांटुलाला फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, पुस्तकाच्या पानांसारख्या थरांच्या, आणि कोंदट दमट हवा त्याला सोसत नाही. पेटीत बुरशी धरते ती वेगळीच. एकट्या पेटीत समोरासमोरच्या दोन भिंतींना भोकं पाडली की हवा आरपार खेळते. टाकीचे दोन भाग केले की प्रत्येकाची एक भिंत शेजाऱ्याची होते. तीन केले तर मधल्याला बाजूची भिंतच उरत नाही. तेव्हा भोकं समोर आणि मागे घ्यावी लागतात, पुढे खालच्या अंगाला, मागे वरच्या.

लोक म्हणतात, एवढं कशाला, वर जाळीचं झाकण टाका की. सरड्यांसाठी विकतात ते तारेचं झाकण तयार मिळतं. पण टॅरांटुलाच्या प्रत्येक पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात. तो काचेवरून चढतो पायांच्या तळच्या दाट केसांच्या जोरावर, आणि वर पोचून उलटा जाळीवर चालायला लागला की नख्या तारांत अडकतात. लोंबकळता लोंबकळता पाय तुटतो, नाही तर कोळी पडतो. तुटलेला पाय पुढच्या काती टाकताना परत येतो. मात्र वयात आलेला नर सहसा पुन्हा कात टाकत नाही, त्याचा गेला तो गेलाच. म्हणून झाकणाला जाळीऐवजी भोकं पाडलेला पत्रा हवा. झाकणापुरतं अ‍ॅक्रिलिक मला चालतं, कारण बाक आला तर ते उचलून बदलता येतं.

झाकणं दोन हवीत, हे मी आता विचारत नाही, करूनच देतो. एकच झाकण असलं की एकाला खायला घालताना दोन्ही दारं उघडी पडतात, आणि पार्टिशनची वरची कड व झाकण यांच्यामधली फट ही पूर्ण टाकीतली सगळ्यात चालती वाट असते. पाव इंची कडेवर दोन झाकणं टेकवायला जागा पुरत नाही. त्यासाठी पार्टिशनच्या माथ्यावर इंचभर रुंद काचेची आडवी पट्टी चिकटवतो, ती बरोबर चौकटीच्या आतल्या काठाच्या पातळीला येईल अशी. प्रत्येक झाकणाला चारही बाजूंनी टेकण मिळतं. मग कडी. झाकणावर जाड पुस्तक ठेवून भागवणारे मी पाहिले आहेत. टॅरांटुलाला घाई नसते, तो रात्रभर कोपरे चाचपतो.

उंचीवरून सगळ्यात जास्त वाद होतो. माणसाला उंच, मोकळी, चारही बाजूंनी दिसणारी पेटी आवडते, आणि काचवाल्यालाही तीच विकायला आवडते. जमिनीवर राहणाऱ्या जड मादीला तीच घातक. तिचं पोट पाण्याच्या फुग्याइतकं नाजूक असतं. फूटभरावरून लाकडावर किंवा दगडावर पडली तर ते फाटतं, आणि तेवढ्यानं ती मरू शकते. पाळणाऱ्यांमध्ये रूढ हिशेब असा : मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पायांच्या विस्ताराच्या दीडपटीहून जास्त नको. पाच इंच विस्ताराची मादी असेल तर वर साडेसात इंचच मोकळे. म्हणजे १२ इंच उंच टाकीत साडेचार इंच माती भरलीच पाहिजे. ती बहुधा नारळाच्या भुशाची असते, आणि त्या विटांवर बऱ्याचदा भारत किंवा श्रीलंका असं छापलेलं असतं. कोकणात आमच्या परसात सोडणांचा ढीग कुजत पडायचा. इथे त्याच्या विटेला लोक डॉलर मोजतात आणि मी ती पाण्यात फुगवून दाखवतो. झाडावर राहणाऱ्या जातींचं गणित नेमकं उलटं. त्यांना उभी पेटी, उभं कॉर्कचं साल, आणि दार पुढून, कारण त्या वरच्या कोपऱ्यात जाळं विणतात आणि वरचं झाकण उघडलं की घरच फाटतं. त्यामुळे एक जमिनीवरची आणि एक झाडावरची अशी जोडी एकाच टाकीत मागणाऱ्याला मी परत पाठवतो. पार्टिशन लांबी वाटू शकतं, उंची नाही.

आणखी एक गोष्ट पार्टिशनला जमत नाही. टॅरांटुलाला दिसतं फार कमी, त्याचं सगळं जग पायांच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांचं. एकाच तळावर उभ्या दोन पेट्या म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. शेजारी काय चाललंय ते काचेतून कळतंच. काहींना त्याचं काही वाटत नाही. काही मात्र बिळात जायचं सोडून रात्रंदिवस भिंती चढत राहतात, खाणं टाकतात. काळा कागद लावून दृष्टिआड करण्याचा उपाय लोक करतात, पण आडोसा डोळ्यांना होतो आणि त्रास पायांना असतो. अशा वेळी एका कोळ्याला दुसऱ्या फळीवर हलवणं हाच इलाज, आणि त्यात काचवाल्याला काही मिळत नाही.

हेच कंपन जिथे कामाला येतं ती पेटी मात्र मला बनवायला आवडते. ती प्रजनन करणाऱ्यांची. त्यात पार्टिशन कायमचं नसतं, खाचेतून वर सरकतं, आणि त्याला तीन मिलिमीटरची भोकं असतात, पायही आरपार जाणार नाही इतकी लहान. नराला एका बाजूला ठेवतात. वयात आल्यावर त्याचं आयुष्य थोडं उरतं, काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. तो पायांनी जमीन बडवतो. पलीकडून मादीनं उलट बडवून उत्तर दिलं तरच काच वर ओढायची. उत्तर नसताना ओढली तर नर तिच्या तोंडी जाऊ शकतो. इथे काच गप्प सरकली पाहिजे, खाचेत अडखळली की दोघंही बिथरतात. म्हणून खाचेच्या तळाशी नायलॉनची पट्टी घालतो आणि काचेची खालची कड आरशासारखी घासतो. सरकत्या काचेला हलण्याइतकी सैल जागा द्यावीच लागते, तेव्हा ती फट शून्यावर आणता येत नाही. म्हणून ही पेटी नुसती भेटीपुरती, मुक्कामाला नाही, हे मी बिलावरच लिहितो.

पेन्सिल्व्हेनियातल्या हॅम्बर्गला सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार भरतो, तिथे एका टेबलावर मी एक लहानसा निळा कोळी पाहिला. डबीवर लिहिलं होतं, ‘गुटी सफायर’. मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांची गुत्ती ती हीच, मुंबई-चेन्नई रेल्वेवरची. तिथल्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकनं १८९९ साली या जातीचं वर्णन केलं. मग शंभर वर्षं ती कोणाला दिसली नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात ती पुन्हा सापडली. रानात आज ती विनाशाच्या काठावर आहे, आणि इकडे अमेरिकेत तिची पिल्लं प्लास्टिकच्या डब्यांत विकली जातात. तिच्या वंशातले कोळी फक्त भारत आणि श्रीलंकेतलेच. इतर अनेक टॅरांटुलांसारखं अंगावरचे खाजरे केस उडवणं त्यांना येत नाही. ते विजेसारखे पळतात, आणि चावले तर वेदना आणि पेटके दिवसच्या दिवस टिकू शकतात. यांच्यासाठी मी दाराशिवाय अंगठ्याएवढं वेगळं छिद्र आणि त्याला बूच देतो, म्हणजे खायला घालताना दार उघडावं लागत नाही. पण मधे पार्टिशन टाकून देत नाही. एकाची दुरुस्ती करताना दुसऱ्याची पेटी हातात असणं इथे परवडत नाही.

यांच्याबाबत एक प्रश्न मी आता आवर्जून विचारतो. २०१८ मध्ये श्रीलंकेतल्या याच वंशाच्या पाच जाती अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली आल्या, आणि परवान्याशिवाय त्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकता येत नाहीत. पुढच्या वर्षी वन्यजीवांच्या जागतिक व्यापाराच्या साइट्स करारातही हा सगळा वंश नोंदला गेला. काचवाल्यानं कोळ्याचा दाखला मागावा का, असं काही जणांना वाटतं. पेटी ज्याच्यासाठी करायची तो कुठून आला हे मला माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

या सगळ्याचा माझ्या धंद्यावर झालेला परिणाम मजेदार आहे. पार्टिशन मागायला आलेल्या माणसाला मी आधी तीन गोष्टी विचारतो : कवच किती रुंद, दोघांना लागणारा ओलावा आणि उंची सारखी का, आणि एकाला वेगळं काढायची वेळ आली तर जागा आहे का. उत्तरं जुळली तर टाकी ठेवून घेतो. बरेचदा जुळत नाहीत. मग मी सांगतो, दोन लहान वेगळ्या पेट्या घ्या, बाजारात तयार मिळतात, माझ्या मजुरीपेक्षा स्वस्त पडतील. गिऱ्हाईक चकित होतं, माझी बायको चिडते. पण राहणाऱ्याच्या वतीनं भांडायला त्या दुकानात माझ्याशिवाय दुसरं कोणी नसतं, आणि ते भांडण काच कापण्याआधीच करावं लागतं.